मॉडेलरचा आवाज स्टेजवर बसवताना

हेडफोन लावून रात्री उशिरापर्यंत जमवलेला गिटारचा आवाज स्टेजवर गेल्यावर ओळखूच येत नाही, ही तक्रार हल्ली जवळजवळ प्रत्येक बँडमध्ये ऐकू येते. घरी भरदार वाटलेला टोन ढोलकी आणि ऑक्टापॅड सुरू झाले की बुडतो, नाही तर इतका बोचरा होतो की पहिल्या रांगेतली माणसं कपाळाला आठ्या घालून बसतात. मग खापर मॉडेलरवर, म्हणजे अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, फुटतं. कुणीतरी त्याहून महागडा मॉडेलर घेतो आणि दोन कार्यक्रमांनंतर त्याचीही तीच रड सुरू होते.

यंत्रात खोट क्वचितच असते. पॅच, म्हणजे यंत्रात साठवलेला टोन, बनवताना आवाज हळू होता, वादक एकटा होता आणि स्पीकर कानाला चिकटलेले होते. वाजवताना यातलं काहीच तसं राहत नाही. हा फरक कुठून येतो हे कळलं की कोणती चावी फिरवायची हेही कळतं. माझ्या मते ही फिरवाफिरवी बहुतेक कार्यक्रमाच्या दिवसाआधीच उरकायला हवी. स्टेजवर उभं राहून टोन घडवत बसण्याची चैन आपल्याकडच्या साउंडचेकमध्ये परवडत नाही.

यंत्रातून नक्की काय बाहेर येतं

गिटार अ‍ॅम्पची नक्कल करणारी डिजिटल यंत्रं येऊन आता तीस वर्षं झाली. रोलंडचं व्हीजी-८ १९९५ मध्ये आलं. १९९८ मध्ये लाइन ६ चा पॉड आला. लालभडक, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा, टेबलावर ठेवायचा. २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचा अ‍ॅक्स-एफएक्स, पुढच्या दशकाच्या सुरुवातीला केम्पर, २०१५ मध्ये हीलिक्स आणि त्यानंतर न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स. शिवाय झूम, म्यूअर यांची खिशाला परवडणारी यंत्रं आहेतच, आणि नव्या मुलांच्या हातात सहसा तीच असतात.

किंमत काहीही असो, साखळी एकच: पेडल, अ‍ॅम्प, स्पीकरची पेटी आणि त्या पेटीसमोर धरलेला माइक. शेवटच्या कडीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. खोलीत ठेवलेला खरा अ‍ॅम्प आपण सहा-सात फुटांवरून, उभं राहून ऐकतो. स्पीकर पोटऱ्यांच्या उंचीला असतो, त्यामुळे त्याचा सगळ्यात तिखट झोत आपल्या पायांवर जातो आणि कानापर्यंत येतो तो मवाळ झालेला आवाज. मॉडेलर मात्र जाळीपासून दोन-चार बोटांवर धरलेल्या माइकला जे ऐकू आलं असतं ते देतो. म्हणजे अ‍ॅम्प नव्हे, अ‍ॅम्पचं रेकॉर्डिंग. ज्याला वर्षानुवर्षं खऱ्या अ‍ॅम्पची सवय आहे त्याला मॉडेलर पहिल्या दिवशी कर्कश आणि सपाट वाटतो, त्याचं मुख्य कारण हेच.

सेलेशनचा व्हिंटेज ३० हा रॉकमध्ये सर्रास वापरला जाणारा बारा इंची स्पीकर कंपनीच्याच आकड्यांनुसार ७० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात वाजतो. त्याच्या वर तो झपाट्याने मावळतो. पीएचे स्पीकर गायकासाठी आणि कीबोर्डसाठी बनवलेले असतात. ते पंधरा हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं इमानेइतबारे लोकांपर्यंत पोचवतात. म्हणून थेट पीएमध्ये जाणाऱ्या पॅचमध्ये कॅबिनेटची नक्कल, म्हणजे आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स), चालू नसेल तर डिस्टॉर्शनची सगळी चरचर उघडी पडते. उलट मॉडेलरपुढे खरी गिटारची पेटी जोडली असेल तर ती नक्कल बंद करायची, नाही तर कॅबिनेटमधून कॅबिनेट वाजतं आणि आवाज कोंदटतो. दोन्ही बाजूंनी ही गफलत होताना मी इतक्यांदा पाहिली आहे की कुणी ‘टोन वाईट येतोय’ म्हटलं की आधी हेच विचारतो.

कान आवाजाबरोबर बदलतो

१९३३ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीजमधले हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी मोजून दाखवलं की आपला कान सगळ्या पट्ट्यांना सारखा न्याय देत नाही, आणि आवाज हळू असेल तर अन्याय आणखी वाढतो. पुढे या वक्ररेषा सुधारत गेल्या. २००३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात पाहिलं तर १,००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला वाजतोय तेवढाच मोठा वाटायला १०० हर्ट्झचा सूर साधारण ६४ डेसिबलला वाजवावा लागतो. म्हणजे २४ डेसिबल जास्त. तोच १,००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलला नेला तर १०० हर्ट्झला लागतात सुमारे ९२. फरक निम्म्यावर आला.

हे गिटारला लावून पाहा. घरी शेजाऱ्यांच्या भीतीने हळू आवाजात पॅच बनवताना खर्ज कमी वाटतो, म्हणून बासची चावी वर जाते. वरचं टोकही फिकं वाटतं, म्हणून ट्रेबल आणि प्रेझेन्स वर जातात. मधला पट्टा नको तितका नाकात वाटतो, म्हणून तो खाली. स्टेजवर आवाज वाढला की कानाची तूट भरून निघते, पण चाव्या तिथेच असतात. खर्ज घुमतो, वरचं टोक टोचतं आणि गिटारचा जीव ज्या मधल्या पट्ट्यात असतो तो गायब झालेला असतो.

यावर उपाय एकच: पॅच निदान एकदा तरी कार्यक्रमाच्या आवाजाला ऐकायचा. तालमीची खोली तासाभरासाठी भाड्याने घ्यावी, पॅच तिथल्या पीएमध्ये टाकावा आणि मोबाइलवरच्या साध्या डेसिबल मीटरवर ८५ ते ९० दिसेपर्यंत आवाज वाढवावा. मोबाइलचा आकडा तंतोतंत नसतो, पण अंदाजाला पुरतो. फार वेळ मात्र नको. ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, ही अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने कामगारांसाठी घालून दिलेली मर्यादा. या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास होतो. थकलेल्या कानाने ट्रेबल ठरवू नये हेही त्यात आलंच. घरी हेडफोनवर करायचं ते काम वेगळं: कोणता अ‍ॅम्प, कोणते इफेक्ट, कोणता स्विच कशाला. ईक्यूचा निकाल तिथे लावायचा नाही.

आपल्या बँडमध्ये गिटारची जागा

गिटारची सर्वांत खालची खुली तार ८२ हर्ट्झला वाजते, बास गिटारची ४१ हर्ट्झला. म्हणजे दोघांत एकच सप्तक आहे, आणि बासचे वरचे सूर गिटारच्या खालच्या घरातच राहतात. त्यात किक ड्रम, ढोलकीचा किंवा डग्ग्याचा खर्ज, ऑक्टापॅडवरचे ठोके, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात. आपल्या ऑर्केस्ट्रांमध्ये कीबोर्डवर स्ट्रिंग्जचा पसरट आवाज सतत चालू असतो. २०० ते ५०० हर्ट्झचा पट्टा तो एकटाच व्यापून टाकतो. वर २,००० ते ४,००० च्या आसपास गायकाचे शब्द स्पष्ट होतात, आणि तिथे गिटारने घुसणं म्हणजे गायकाशी भांडण.

उरतं काय? साधारण ५०० ते १,५०० हर्ट्झ. एकटी ऐकली तर या पट्ट्यातली गिटार जरा नाकातली, कळाहीन वाटते. बँड सुरू झाला की तीच स्वच्छ ऐकू येते. म्हणून एकट्याने ऐकून ‘काय आवाज आलाय!’ असं वाटणारा पॅच मला नेहमी संशयास्पद वाटतो. बँडमधला चांगला टोन एकटा ऐकला तर थोडा सुकाच लागतो.

हे तपासायला पूर्ण बँड लागत नाही. आपल्या तालमीचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग, नाही तर गिटार नसलेला कराओके ट्रॅक पीएवर मोठ्याने लावायचा आणि त्यावर वाजवत पॅच जमवायचा. ढोलकी आणि कीबोर्ड असलेलं मराठी गाणं निवडलं तर उत्तमच. पाश्चात्त्य रॉकच्या ट्रॅकवर जमलेला पॅच लावणीच्या साथीला उपयोगी पडेलच असं नाही.

एक पॅच जवळून

समजा मार्शलच्या धर्तीचा अ‍ॅम्प आहे आणि त्यावर ऱ्हिदमसाठी क्रंच पॅच बनवलाय. घरी ठरलेल्या चाव्या: गेन ७, बास ६, मिड ४, ट्रेबल ६, प्रेझेन्स ६, रिव्हर्ब ३० टक्के. हे आकडे यंत्रागणिक बदलतील, त्यामुळे पाहायचं ते चाव्या कोणत्या दिशेला जातात.

सुरुवात गेनपासून. ७ वरून ४ किंवा साडेचार. घरी हळू वाजवताना तार लवकर मरते म्हणून आपण गेन वाढवतो. मोठ्या आवाजात स्पीकरचीच थरथर तारेला पोचते आणि सूर आपोआप टिकतो. जास्त गेन म्हणजे जास्त दाबलेला आवाज: पिकचा ठोका चेपला जातो, आणि गर्दीत गिटार ओळखू येते ती त्या ठोक्यावरूनच. शंका असेल तर एक साधी चाचणी आहे. सहाही तारांवर पूर्ण कॉर्ड वाजवायची. आतले सूर वेगवेगळे ऐकू आले तर गेन ठीक, एकच घरघर आली तर अजून खाली.

मग कॅबिनेटच्या ब्लॉकमधला लो कट. तो बहुतेक वेळा बंद असतो किंवा अगदी खाली असतो. तो ९० ते ११० हर्ट्झवर आणायचा. खालच्या तारेचा मूळ सूर थोडा कापला जाईल, पण त्याचे वरचे स्वरांश शिल्लक असतात आणि कान त्यावरूनच सूर ओळखतो. बासवाल्याला जागा मिळते, आणि स्टेजच्या फळ्या घुमायच्या थांबतात. हाय कट ६,००० ते ८,००० च्या मध्ये कुठेतरी. उतार सौम्य असेल तर आणखी खाली, ५,००० पर्यंतही चालतो. माइक अगदी जवळ धरून घेतलेल्या आयआरमध्ये वरची चरचर बरीच उरते, ती इथे जाते.

आता अ‍ॅम्पच्या चाव्या. बास ४, मिड ६, ट्रेबल ५, प्रेझेन्स ४. एवढं करून पाहा आणि एकटं ऐका. आवाज घरच्यापेक्षा कमी आकर्षक वाटेल. घाबरून मागे फिरू नका, ट्रॅक लावा. अजूनही टोचत असेल तर ईक्यूचा एक अरुंद पट्टा घेऊन तो सहा-सात डेसिबलने उचलायचा आणि २,००० पासून ५,००० पर्यंत हळूहळू सरकवायचा. जिथे सगळ्यात जास्त टोचेल तिथे थांबून तोच पट्टा तीन डेसिबल खाली करायचा. याहून जास्त कापावं लागत असेल तर ईक्यू सोडा आणि आयआर बदला. स्पीकरच्या मध्यबिंदूवर धरलेला माइक सर्वांत तिखट असतो; कडेकडे सरकवला की आवाज मऊ होतो. अनेक मॉडेलरमध्ये माइकची ही जागा बदलता येते, आणि दहा चाव्या फिरवून जे साधत नाही ते तिथे एका सेकंदात साधतं.

नॉइज गेट राहिला. घरी शांत वीजजोडणीवर ठरवलेली गेटची मर्यादा स्टेजवर कमी पडते. मागे एलईडीची भिंत, वर दिव्यांचे डिमर, खाली जनरेटर. सिंगल कॉइलच्या गिटारला हे सगळं ऐकू येतं. गेट घट्ट केला तर हळू वाजवलेल्या तारांची शेपटं कापली जातात. त्यामुळे गेट थोडासाच वर, आणि गाणी नसताना व्हॉल्यूमची चावी शून्यावर ठेवायची सवय.

टोनपेक्षा पातळी महत्त्वाची

साउंड इंजिनिअरला विचारलं तर तो टोनबद्दल क्वचित बोलेल. त्याचं दुखणं वेगळंच असतं: क्लीन पॅच ऐकू येत नाही म्हणून त्याने फेडर वर केला, आणि पुढच्या कडव्याला डिस्टॉर्शनचा पॅच अंगावर आला. तो पुन्हा खाली ओढतो, मग सोलो कुणालाच ऐकू जात नाही.

सगळे पॅच एका पातळीला आणणं हे कंटाळवाणं काम आहे, म्हणून कुणी करत नाही. मीटरवर पाहून ते होतही नाही. क्लीन आवाजात पिकच्या क्षणी उंच शिखर येतं आणि लगेच पडतं. डिस्टॉर्शन सतत एकाच उंचीवर भरलेलं असतं. मीटरवर दोघांची शिखरं सारखी केली तर कानाला डिस्टॉर्शन बरंच मोठं वाटतं. तेव्हा कानच वापरायचा, तोही मोठ्या आवाजात आणि ट्रॅकबरोबर. क्लीनचा पॅच आधार धरायचा, त्यावर थोडा कॉम्प्रेसर लावायचा, आणि बाकीचे त्याच्याशी जुळवायचे. जुळवताना अ‍ॅम्पच्या ब्लॉकमधली शेवटची पातळी किंवा पॅचच्या शेवटी असलेलं आउटपुट बदलायचं. ड्राइव्हची किंवा मास्टरची चावी फिरवली तर टोनही बदलतो.

सोलोसाठी तीन डेसिबल वाढ पुरते, गर्दीच्या बँडमध्ये चार. ती वाढ साखळीत कुठे बसते याला फार महत्त्व आहे. अ‍ॅम्पच्या आधी बूस्ट लावला आणि अ‍ॅम्प आधीच फाटलेला असेल, तर आवाज वाढत नाही, फक्त आणखी फाटतो. वादकाला वाटतं बूस्ट चालू आहे, लोकांना फरकच कळत नाही. वाढ हवी असेल तर बूस्ट अ‍ॅम्पच्या आणि कॅबच्या नंतर. सोबत ८०० ते १,००० हर्ट्झच्या आसपास दोनेक डेसिबलचा उठाव दिला तर सोलो नुसता मोठा न होता पुढे येतो.

गाण्याच्या मध्ये पॅच बदलण्यापेक्षा एकाच पॅचमध्ये स्नॅपशॉट किंवा सीन वापरणं बरं. हीलिक्समध्ये स्नॅपशॉट म्हणतात, फ्रॅक्टल आणि क्वाड कॉर्टेक्समध्ये सीन. आवाज तुटत नाही, डिलेची शेपटी मध्येच गिळली जात नाही, आणि पातळीचं सगळं गणित एका ठिकाणी राहतं.

रिव्हर्ब, डिले आणि समोरची वास्तू

मंगल कार्यालयात फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असतो. तिथे वास्तूच रिव्हर्ब देते, आणि तोही न मागता. अशा ठिकाणी गिटारचा रिव्हर्ब १० टक्क्यांच्या खाली, किंवा सरळ बंद. नाट्यगृहात पडदे, विंगा आणि गाद्यांच्या खुर्च्या असतात. स्टेजवर आवाज कोरडा लागतो, म्हणून तिथे १२ ते १५ टक्के शोभतं. मैदानात परत येणारा आवाजच नसतो, त्यामुळे घरच्या आकड्याच्या जवळ जाता येतं. अर्थात साउंडचेकच्या वेळी सभागृह रिकामं असतं. माणसं भरली की ती आवाज शोषतात, आणि दुपारी घुमणारं सभागृह संध्याकाळी बरंच शांत होतं. दुपारी ऐकून घाईघाईने ट्रेबल कापू नये.

डिले तालात हवा, हे सगळेच सांगतात. हिशेब सोपा आहे: ६०,००० भागिले बीपीएम, म्हणजे एका मात्रेचे (क्वार्टर नोटचे) मिलिसेकंद. १२० ला ५००, आणि डॉटेड आठवा हवा असेल तर त्याचं पाऊण, ३७५. पण आपल्याकडे बरेच कार्यक्रम क्लिकशिवाय वाजतात आणि ढोलकीवाला रंगात आला की लय वाढतेच. त्यामुळे टॅप टेम्पोचा स्विच पायाखाली हवा, आणि डिलेचं प्रमाण इतकं कमी की लय थोडी सरकली तरी खटकू नये. डिलेच्या आवर्तनांवर ३,००० च्या आसपास हाय कट लावला तर ती मागे राहतात आणि गायकाच्या शब्दांवर चढत नाहीत.

स्टीरिओबद्दल थोडक्यात: सोडून द्या. आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी पीए मोनो चालतो, आणि स्टीरिओ असला तरी डाव्या कोपऱ्यातल्या माणसाला उजवा स्पीकर ऐकू येत नाही. पिंगपाँग डिलेची अर्धी आवर्तनं त्याच्यापर्यंत पोचणारच नाहीत. रुंद स्टीरिओ कोरस मोनोत एकत्र केला तर काही वेळा सूरच खंगतात. पॅच मोनोत ऐकून पक्का करायचा आणि एकच वायर द्यायची.

वायर आणि डीआय

मॉडेलरला एक्सएलआर आउटपुट असेल तर तेच वापरावं. सेटिंगमध्ये माइक आणि लाइन असे दोन पर्याय असतील तर माइकवर ठेवलेलं सुरक्षित, कारण स्टेजवरच्या स्नेकचं दुसरं टोक बहुतेक माइकच्या प्रीअ‍ॅम्पमध्येच गेलेलं असतं आणि लाइन पातळी तिथे फाटते. छोट्या यंत्रांना साधं जॅकचं आउटपुट असतं. पाच-सहा मीटरच्या पुढे डीआय बॉक्स घ्यायचा. मॉडेलरचं एक्सएलआर थेट जोडलं असेल तर ४८ व्होल्टचं फँटम पॉवर त्या चॅनेलवर बंद आहे ना, हे विचारून घ्यायचं. गुणगुण आली तर ती बहुधा ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते. डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट दाबला की सहसा जाते. प्लगमधली अर्थिंगची पिन मात्र कधीही काढायची नाही. आणि मॉडेलरचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर सोबत हवाच; कीबोर्डवाल्याचा उसना घेतला तर व्होल्टेज जुळलं तरी ध्रुव उलटे निघू शकतात.

स्वतःला ऐकायचं कसं

मॉडेलर थेट पीएमध्ये गेला की मागे अ‍ॅम्प राहत नाही, आणि वादकाला आपलाच आवाज फक्त मॉनिटरमधून ऐकू येतो. स्टेजवरचा वेज हा गायकासाठी जमवलेला असतो, त्यातला हॉर्न तोंडावर रोखलेला असतो, आणि २,५०० ते ४,००० चा पट्टा त्यातून सगळ्यात जास्त बोचतो. वेजमध्ये टोन वाईट लागला म्हणून पॅच बदलायला घेणं ही सगळ्यात मोठी फसगत. लोक वेज ऐकत नाहीत. मॉनिटर मिक्समध्ये त्या चॅनेलचा ट्रेबल कमी करायला सांगावं, पॅचला हात लावू नये.

काही जण स्वतःचा एफआरएफआर (फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स) स्पीकर नेतात. चांगली सोय आहे, पण तो जमिनीवर ठेवला तर फरशीच्या साथीने खर्ज वाढतो, कोपऱ्यात ठेवला तर आणखीच. तो थोडा उचलून, छातीकडे तिरका करून ठेवावा, किंवा त्याच्यावरचा लो कट वापरावा. मॉडेलरला दोन स्वतंत्र आउटपुट असतील तर एफआरएफआरसाठीचा ईक्यू वेगळा ठेवता येतो, आणि पीएला जाणारा आवाज अस्पर्श राहतो.

साइड फिल दूर असेल तर वेळही मोजा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद. पाच मीटरवरच्या स्पीकरमधून स्वतःला ऐकलं तर पंधरा मिलिसेकंद उशीर झाला. मॉडेलर उशिरा वाजतो अशी तक्रार येते, तेव्हा त्यातला मोठा वाटा कित्येकदा या अंतराचा असतो. इन-इअर लावले की तो उशीर जातो, पण मग घरच्या हेडफोनचं वातावरण परत येतं: गिटार कानात इतकी जवळ असते की वादक नकळत हळू वाजवायला लागतो.

साउंडचेकच्या पंधरा मिनिटांत

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी खुल्या जागेत रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत मुभा देतं. त्यामुळे कार्यक्रम वेळेत सुरू करायची घाई असते, आणि कात्री साउंडचेकला लागते. गिटारच्या वाट्याला पाच-सात मिनिटं आली तर नशीब.

ती अशी वापरावीत. ‘दादा, गिटार थेट आहे, माइक नको. पातळी माइकची ठेवलीय,’ एवढं सांगून सर्वांत मोठा पॅच, म्हणजे सोलोचा, आधी वाजवायचा. इंजिनिअरने त्यावर गेन ठरवला की बाकी सगळं त्याच्या आत बसतं. मग क्लीन, मग क्रंच, प्रत्येकी अर्धा मिनिट, गाण्यात वाजवतो तेवढ्याच जोरात. इथे बरेच जण हळू वाजवतात आणि गाण्यात उत्साहाने दुप्पट जोरात. इंजिनिअरचा सगळा हिशेब तिथेच कोसळतो. नंतर बँडबरोबर एक कडवं. शक्य असेल तर लांब वायर किंवा वायरलेस घेऊन खाली उतरून पीएसमोर उभं राहून ऐकावं. तिथे जे ऐकू येतं तेच लोक ऐकणार.

त्या दिवशी पॅचमध्ये काहीही बदलायचं नाही. सभागृह घुमत असेल, टोचत असेल, तर ग्लोबल ईक्यू वापरायचा: तो सगळ्या पॅचना एकदम लागतो, पातळ्यांचा मेळ बिघडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सपाट करून टाकता येतो. त्यातही दोन-तीन डेसिबलच्या पुढे जावं लागलं तर पॅचमध्येच काहीतरी राहिलंय असं समजावं. इंजिनिअर त्याच्या मिक्सरवर काय करतो तिकडे पाहत राहणं मात्र फायद्याचं. मिक्सर डिजिटल असेल तर गिटारच्या चॅनेलचा ईक्यू पडद्यावर स्पष्ट दिसतो. कार्यक्रम संपल्यावर, वायरी गुंडाळायच्या आधी, परवानगी घेऊन त्याचा फोटो काढून ठेवावा. वेगवेगळ्या सभागृहांत, वेगवेगळ्या माणसांनी २५० हर्ट्झवर तीन डेसिबल कापलेले दिसले, तर ते कापायचं काम आपलं होतं. घरी जाऊन कॅबनंतरच्या ईक्यूमध्ये ते टाकायचं, पॅच नव्या नावाने सेव्ह करायचा आणि जुना बॅकअपमध्ये राहू द्यायचा.